नामिबियात टपावरच्या तंबूची फोर बाय फोर भाड्याने घेताना

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं चौघांचं कुटुंब आहे. नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांच्या आई. मे महिन्याच्या सुट्टीत दोन आठवडे नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरायचं आहे. विंडहुकहून निघून सोसुसफ्लाय (वाळूच्या टेकड्या), स्वाकोपमुंड (समुद्रकाठचं शहर), दमारालँड, एतोशा (अभयारण्य) आणि परत विंडहुक. टपावर तंबू असलेली फोर बाय फोर भाड्याने घ्यावी का, घेतली तर काय बघून घ्यावी, आणि हिमाचल-लडाखमध्ये गाडी चालवल्याचा अनुभव तिथे पुरेल का?

गाडी जरूर घ्या. फक्त फोर बाय फोर कशासाठी घ्यायची याबद्दल बहुतेकांची समजूत चुकीची असते, आणि त्यामुळे पैसा आणि लक्ष दोन्ही भलतीकडे जातं. तुम्ही लिहिलेल्या मार्गावर चारही चाकांना जोर द्यावाच लागेल असा तुकडा जवळजवळ एकच आहे. सोसुसफ्लायकडे जाणाऱ्या उद्यानाच्या सेसरीम या फाटकातून आत साठ किलोमीटर डांबरी रस्ता जातो, तो संपला की सोसुसफ्लायपर्यंत पाच किलोमीटर खोल, भुसभुशीत वाळू लागते. एवढ्यासाठी फोर बाय फोर लागते, आणि तिथेही गाडी उभी करून पुढे न्यायला शटल मिळते. बाकीचा बराचसा प्रवास खडीच्या रस्त्यांवर आहे. कोरड्या दिवसांत ते साध्या गाडीनेही पार होतात. एतोशाच्या आतले रस्तेही तसेच.

मग मोठी गाडी कशासाठी? जमिनीपासूनची उंची, जाड कडांचे टायर, दोन स्टेपन्या, मोठी टाकी, आणि घर बरोबर नेण्याची सोय, यासाठी. फोर बाय फोरचं बटण हा त्यातला सगळ्यात कमी वापरला जाणारा भाग. आणि खरा धोकाही वाळूत नाही. वाळूत गाडी रुतते, तासभर फावडं मारावं लागतं, कपडे मळतात. माणसं जखमी होतात ती सरळसोट, रुंद, रिकाम्या खडीच्या रस्त्यावर, गाडी उलटून. हे एकदा मनात पक्कं बसलं की कुठली गाडी, कुठला विमा, किती वेग, रोज किती किलोमीटर, हे सगळे निर्णय आपोआप जागेवर येतात.

लडाखच्या अनुभवाबद्दलही त्यामुळेच जरा स्पष्ट लिहितो. तिथे रस्ताच तुम्हाला हळू ठेवतो. वळणं, दरी, समोरून येणारे ट्रक, विरळ हवेत दमणारं इंजिन. नामिबियात रस्ता तुम्हाला वेगाचं आमिष दाखवतो. समोर दहा किलोमीटर मोकळं दिसतं, अर्धा तास एकही गाडी भेटत नाही, काटा नकळत शंभरावर जातो. नामिबियाचं क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून जास्त. लोकसंख्या २०२३च्या जनगणनेत जेमतेम ३० लाख. एकट्या पुणे शहराची २०११मध्येच ३१ लाख होती. त्यामुळे काही झालं तर मदत किती लांबून यायची याचा हिशोब आपल्याकडच्या सवयीने करू नका. तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: तिथेही वाहतूक डावीकडूनच आहे आणि स्टिअरिंग उजवीकडे. युरोपीय पाहुण्यांचे पहिले दोन दिवस ज्या गोंधळात जातात, तो तुम्हाला होणार नाही.

रस्त्यांची नावं अक्षरांवरून आहेत. बी म्हणजे डांबरी हमरस्ता, सी बहुतेक खडीचा पण रुंद, डी म्हणजे त्याहून लहान, कुठे छान तर कुठे दगड आणि ओढ्यांचे उतार. विंडहुक ते एतोशा बी १ने गेलात तर जवळपास सगळं डांबर. सेसरीम ते स्वाकोपमुंड मात्र सी १९ आणि सी १४, सुमारे साडेतीनशे किलोमीटर, त्यातला बहुतेक भाग खडी, वाटेत गाऊब आणि कुइसेब हे दोन घाट. नकाशावरचं ॲप चार-साडेचार तास दाखवेल. तुम्ही सहा-सात धरा. खडीवर थांबे धरून सरासरी साठाच्या वर धरूच नये. खडीवर कायद्याची मर्यादा ताशी १०० आहे, पण भाड्याच्या करारात बहुतेक वेळा ८० लिहिलेली असते आणि गाडीत ट्रॅकर असतो. करारात नसली तरी ८० हीच मर्यादा माना, आणि वळणावर, खड्ड्यात, समोरून धूळ दिसली की त्याहून कमी.

कारण असं, की टपावर दोन तंबू असलेल्या पिकअपचा तोल साध्या गाडीसारखा राहत नाही. एकेक तंबू पन्नास-साठ किलोचा, आणि तो सगळ्यात उंच जागी. खडीच्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी दोन-तीन स्वच्छ चाकोऱ्या पडतात आणि त्यांच्यामध्ये, कडेला सुट्या खडीचे बांध साचतात. गाडी चाकोरीत असते तोवर सगळं शांत वाटतं. समोरून गाडी आली म्हणून तुम्ही डावीकडे सरकता, डावी चाकं त्या सुट्या खडीत शिरतात, गाडीचं तोंड आपोआप कडेला ओढलं जातं. इथे माणूस घाबरून स्टिअरिंग उजवीकडे झटकतो आणि ब्रेक दाबतो. गाडी आडवी होते, मग उलट दिशेला झटका, आणि मग पलटी. करायचं ते याच्या उलट: ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकला पाय लावू नका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट पण शांत धरून गाडीला स्वतः हळू होऊ द्या, आणि मग इंचाइंचाने चाकोरीत आणा. पहिल्या दिवशी पहिल्या खडीच्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ४० आणि ५०च्या वेगात मुद्दाम थोडं कडेला जाऊन याचा अंदाज घ्या. दोघंही चालवणार असाल तर दोघांनीही. खडीवर ४ एच (चारही चाकांना जोर) लावून ठेवली तर पकड सुधारते, मी तरी लावतो. डांबर आलं की लगेच २ एच (दोनच चाकांना जोर). या पिकअपमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये फरक सोसणारा डिफरन्शियल नसतो, त्यामुळे डांबरावर ४ एच मध्ये वळलं की सगळा ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो.

दुसरी गोष्ट टायरमधली हवा. भाड्याचे लोक गाडी देताना डांबरासाठीची हवा भरून देतात, साधारण ३२ ते ३५ पीएसआय. खडी सुरू झाली की मी ती २६ ते २८वर आणतो. टायर जरा पसरतो, टोकदार दगडावर कापला जाण्याऐवजी दबतो, पकड वाढते, आणि पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटांवर गाडीचा थरथराट बराच कमी होतो. वाळूसाठी १५ ते १८. हे आकडे सामानाने भरलेल्या हायलक्ससारख्या (टोयोटाची पिकअप) गाडीचे आहेत. गाडी घेताना तिथल्या माणसाला त्याच्या गाडीसाठी तिन्ही आकडे विचारा आणि डॅशबोर्डवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. हवा कमी केली की वेगही कमी करायचा आणि परत डांबरावर आल्यावर भरायची. कमी हवेत डांबरावर १००ने गेलात तर टायर तापून फुटतो. म्हणून गाडीत चालू स्थितीतला काँप्रेसर आणि मीटर हवाच. “पेट्रोल पंपावर भरता येईल” हे उत्तर स्वीकारू नका, पंप दीडशे किलोमीटरवर असू शकतो.

आता गाडी ताब्यात घेण्याबद्दल. ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो आणि लोक इथेच घाई करतात. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर होसेआ कुताको विमानतळावर उतरायचं, पंचेचाळीस किलोमीटरवर विंडहुकमध्ये यायचं, अर्ध्या तासात किल्ली घेऊन तीनशे किलोमीटरवरच्या सेसरीमला सुटायचं, असा बेत कृपा करून करू नका. पहिली रात्र विंडहुकमध्ये झोपा. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, आणि त्यासाठी दोन तास ठेवा. चांगली कंपनी स्वतःहूनच दीड तास समजावते. जिथे पंधरा मिनिटांत सही मागतात तिथे तुम्हीच वेळ घ्या.

सुरुवात टायरपासून. जमिनीवरचे चार आणि दोन स्टेपन्या, सहाही बघा. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात: ३५१९ असेल तर तो टायर २०१९च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर नको म्हणा. उन्हाने रबर कडक होतं आणि बारीक भेगा पडतात, त्या बोटाने वाकवून बघितल्या की दिसतात. स्टेपन्यांच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण जुना टायर टाकून द्यायच्या आधी स्टेपनी म्हणून ठेवला जातो. एकदा मला दिलेल्या गाडीखालची दुसरी स्टेपनी चार चाकांपेक्षा वेगळ्या मापाची निघाली. तिथल्या माणसाने वाद न घालता बदलून दिली, पण ते कळलं ते गाडीखाली वाकून आकडे वाचले म्हणून. दोन्ही स्टेपन्यांतली हवाही मोजायला लावा.

मग त्यांच्यासमोर जॅक बाहेर काढा आणि एक चाक प्रत्यक्ष उचलून बघा. जॅक कुठे आहे, त्याचा दांडा कुठे आहे, गाडीखालची स्टेपनी उतरवायचा रॉड कुठल्या भोकात जातो, पाना नटला बसतो का, चाकाला चोरी रोखणारा वेगळा नट असेल तर त्याची चावी कुठे आहे. मुलीलाही शेजारी उभी करा, बारा वर्षांची मुलं हे मोठ्यांपेक्षा नीट लक्षात ठेवतात. वाळूत जॅक खाली घुसू नये म्हणून एक जाड फळी मागून घ्या. चाक बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे, हे आत्ताच डोक्यात ठेवा. थरथराटाने ते सैल होतात.

त्यानंतर तंबू. दोन्ही तंबू तुम्ही स्वतः उघडा आणि स्वतः बंद करा, त्यांच्या माणसाने दाखवलेलं पुरेसं नाही. चेन शेवटपर्यंत सरकते का, जाळीला भोकं आहेत का, शिडीची कुलुपं बसतात का, गादी ओलसर वास मारते का. फ्रिज चालू करून हात घालून बघा. तो दुसऱ्या बॅटरीवर चालतो, ती बॅटरी गाडी चालताना भरते. विचारा की गाडी बंद असताना फ्रिज किती तास टिकतो आणि बाहेरच्या विजेवर लावायची वायर आहे का. बऱ्याच कँपसाइटवर प्लगची सोय असते. मग गॅसची टाकी (भरलेली आहे ना?), शेगडी, फावडं, टो करायचा पट्टा, वाळूत चाकाखाली घालायच्या पट्ट्या, पाण्याचा कॅन, खुर्च्या, टेबल, प्रथमोपचाराची पेटी, पंक्चरच्या वातींचा संच. मागच्या कप्प्याच्या दारांची रबरं बघा, ती फाटलेली असतील तर रोज संध्याकाळी तांदळातसुद्धा धूळ सापडेल.

शेवटी मोबाइलवर एकसलग व्हिडिओ काढा: चारही बाजू, टप, काच, प्रत्येक रिम, आणि वाकून गाडीची खालची बाजू. काचेवरचा टिकलीएवढा टवकाही त्यांच्या कागदावर लिहून घ्या. “एवढं काही नसतं” म्हणाले तरी लिहून घ्या.

विम्यावर मी पैसे वाचवायचा सल्ला कधी देत नाही. साध्या विम्यात अपघात झाला तर ठरावीक मोठी रक्कम आधी तुमच्या खिशातून जाते, आणि ती तुमच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवली जाते. जास्त पैसे भरले की ही रक्कम कमी किंवा शून्य होते. पण शून्य वाचून खूश होऊ नका, पुढचं बारीक अक्षर वाचा. त्यात चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. दुसरी कुठलीही गाडी नसताना आपलीच गाडी घसरून उलटली, तर विमा लागू आहे का? टायर, रिम आणि काच धरली आहे का? गाडीच्या खालच्या भागाचं नुकसान, पाण्यात आणि वाळूत झालेलं नुकसान, वाळूच्या वादळाने रंग आणि काच खरवडली जाणं, यांचं काय? आणि गाडी बंद पडली तर ती ओढून आणायचा आणि बदली गाडी पाठवायचा खर्च कोणाचा? पहिला प्रश्न सगळ्यात मोठा, कारण तिथले बरेच अपघात असेच, एकट्या गाडीचे असतात, आणि स्वस्त विम्यात नेमके तेच वगळलेले असतात.

कुठल्या गोष्टींनी विमा रद्द होतो तेही वाचा. अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी चालवणं, ठरलेल्या वेगाच्या वर जाणं, करारात नाव नसलेल्याने चालवणं, दारू पिऊन चालवणं. नवरा-बायको दोघांची नावं चालक म्हणून घाला. रात्रीची बंदी ही कागदी अट समजू नका. संध्याकाळी कुडू, ओरिक्स, रानडुक्कर, गावाजवळ गाढवं रस्त्यावर येतात. दोन-अडीचशे किलोचा कुडू उडी मारून काचेवर येतो. मे महिन्यात तिथे हिवाळा सुरू होतोय, सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. म्हणून रोजचा बेत दुपारी चारच्या आत कँपवर पोहोचण्याचा ठेवा. एतोशात तर सूर्यास्ताला फाटकं बंदच होतात.

गाडीचा विमा माणसांचा नसतो, हे वेगळं सांगायला हवं. भारतातून निघताना प्रवास विमा घ्या, त्यात विमानाने किंवा हेलिकॉप्टरने रुग्णालयात हलवण्याचा खर्च आहे का ते बघा, आणि आईंचे आधीचे आजार त्यात नोंदवा.

आता आईंचं. टपावरच्या तंबूची शिडी सात-आठ फुटांची, जवळजवळ उभी. चढणं एकवेळ जमतं, पण रात्री लघवीला उठून अंधारात, थंडीत, पाठमोरं खाली उतरणं हा खरा प्रश्न आहे. त्यांचे गुडघे उत्तम असतील तरी मी त्यांना वर झोपवणार नाही. तीन मार्ग आहेत. एक, गाडी दोन तंबूंचीच घ्या पण सोबत उभं राहता येईल असा एक जमिनीवरचा तंबू आणि खाट मागवा. बऱ्याच कंपन्या थोड्या भाड्यात देतात. दोन, जिथे कँपसाइट आणि खोल्या एकाच आवारात आहेत तिथे आई आणि मुलगी खोलीत, तुम्ही दोघं तंबूत. एतोशातल्या ओकाउकुएयो, हलाली आणि नामुतोनी या तिन्ही मुक्कामांवर असं करता येतं. तीन, टपावर एकच तंबू आणि तीन-चार रात्री सरळ लॉज. तुमच्यासाठी मला पहिला आणि दुसरा एकत्र योग्य वाटतो. स्पिट्झकोप्पेच्या कँपसाइटवर मात्र मुद्दाम तंबूतच राहा. तांबूस ग्रॅनाइटच्या खडकांखाली एकमेकांपासून लांब लांब जागा आहेत, आणि तिथलं आकाश आईंना दाखवायलाच हवं. उबदार कपडे भरपूर न्या. वाळवंटात मे अखेरीची रात्र पुण्याच्या कडाक्याच्या थंडीइतकी तरी असतेच, आणि तंबूच्या कापडातून ती आत येते. भाड्याच्या गाडीतल्या पांघरुणावर विसंबू नका, घरून एक शाल आणि कानटोपी असूद्या.

जेवणाचं सोपं आहे. विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या मोठ्या दुकानांत तांदूळ, डाळी, कांदे-बटाटे, दही, ब्रेड, सगळं मिळतं. घरून तीन लिटरचा कुकर, गोडा मसाला, भाजलेला रवा, मेतकूट आणि चहाचं गाळणं एवढं न्या. जवळपास प्रत्येक कँपसाइटवर लाकडं पेटवून भाजायची जाळी असते, सरपणाची पोती पंपावर मिळतात. कणसं, वांगी, रताळी यावर सुंदर होतात. मांसाहार करत असाल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना जनावरांच्या रोगांसाठीच्या चौक्या लागतात, पामवागजवळ आहे तशी. तिथे कच्चं मांस दक्षिणेत नेऊ देत नाहीत. आधीच शिजवून संपवा. रात्री काहीही खाण्याचं बाहेर ठेवू नका, चपलासुद्धा नाहीत. कोल्हे त्या उचलून नेतात. दमारालँडमध्ये हत्तींच्या वाटेवर कँप असेल तर संत्री आणि फळं गाडीत बंद ठेवा.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर पिण्या-शिजवण्यासाठी धरा आणि गाडी अडकली तर म्हणून वीस लिटर वेगळं. डिझेलचा नियम एकच: टाकी निम्मी झाल्यावर दिसेल तो पहिला पंप सोडायचा नाही. भरलेली हायलक्स लिटरला आठ-नऊ किलोमीटर देते, म्हणजे ऐंशी लिटरच्या टाकीत साडेसहाशेच्या आसपास. सोलिटेअर किंवा पामवागसारख्या एकट्या पंपावर डिझेल संपलेलं असू शकतं. भरणाऱ्या मुलाला “डिझेल” हे स्वतः सांगा आणि नळी लावेपर्यंत गाडीबाहेर उभे राहा.

सोसुसफ्लायच्या त्या पाच किलोमीटरबद्दल. सेसरीमच्या फाटकाच्या आतल्या कँपसाइटवर राहा, आधी आरक्षण करून. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येतं, बाहेरच्यांना नाही. डांबर संपतं तिथे झाडांखाली थांबा, हवा सोळा पीएसआयवर आणा, ४ एच लावा, वाळू फारच मऊ दिसली तर थांबून न्यूट्रलमध्ये ४ एल (चारही चाकांना जोर, पण कमी वेग आणि जास्त ताकद). दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवा, मध्ये थांबू नका, झटक्याने वळू नका, ब्रेक न मारता गाडीला वाळूनेच थांबू द्या. चाकं जागच्या जागी फिरायला लागली की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. रेटत राहिलात की गाडी पोटावर बसते. उतरा, चारही चाकांसमोरची आणि मागची वाळू काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा, आणि आपल्याच चाकोरीतून मागे या. समोर दोन-तीन गाड्या रुतलेल्या दिसल्या, किंवा आई-मुलगी बरोबर असताना ताण नको वाटला, तर निःसंकोच शटल घ्या. शेजारच्या डेडफ्लाय या कोरड्या तळातली ती काळी वाळलेली झाडं तशीही पायीच गाठायची असतात.

कागदपत्रांचं राहिलं. परवाना इंग्रजीतला असला तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. फॉर्म ४अ, मुदत एक वर्ष. गावांच्या वेशीवर पोलिसांच्या चौक्या असतात, तिथे आणि भाड्याच्या कार्यालयातही तो दाखवून प्रश्न लवकर मिटतो. मूळ परवाना बरोबर हवाच. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं न्या, आणि त्यावरची अक्षरं उठावदार नसली तरी चालतं का ते आधी विचारा. आपल्या बँका परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद ठेवतात, ते ॲपमधून चालू करा, आणि अनामत रकमेपेक्षा मर्यादा चांगली जास्त आहे ना हे बघा. मर्यादा कमी पडल्यामुळे विमानतळावरून आलेली कुटुंबं काउंटरवर अडकलेली मी पाहिली आहेत. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा दर एकास एक आहे आणि रँड सगळीकडे चालतो. परतताना मात्र नामिबियन डॉलर संपवून या, बाहेर कोणी घेत नाही. शहरात गाडी भरलेली सोडून चौघांनी एकदम दुकानात जाऊ नका. पार्किंगमधल्या रखवालदाराला थोडे पैसे द्या आणि तरीही एक जण गाडीत बसा.

गाडी परत करायच्या दिवशी विमान नसेल असं बघा, किमान ते संध्याकाळचं तरी असू द्या. टाकी भरून, गाडी खालूनही धुऊन घ्या, म्हणजे काय घासलंय ते दोघांनाही दिसेल. त्यांच्या माणसाबरोबर पुन्हा एक फेरी मारा, “नुकसान नाही” असं लेखी घ्या. कार्डवरची अडकवलेली रक्कम सुटायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. ती सुटेपर्यंत पहिल्या दिवसाचा तो व्हिडिओ फोनमधून काढू नका.